खंडेनवमीचं रीळ

“काय वाट्टेल ते झालं तरी वायर सोडायची न्हाई,” असं म्हणत मामंजी टाकीच्या तोंडातून आत उतरले. आधी पाय गेले, मग कंबर, मग छाती. शेवटी पांढऱ्या केसांचं डोकं तेवढं वर राहिलं. “ऐकलंस का, कालिंदा? तुझी सासू आधीच नऊ दिवसांची उपाशी हाय. तिला आणि सुतकात बसवू नको.”

“शुभ बोला की जरा, मामंजी,” मी म्हटलं.

ते हसले आणि डोकं खाली गेलं. मी पाण्याच्या टँकरच्या पाठीवर, लग्नातला हिरवा शालू नेसून, दोन्ही हातांत जाड काळी वायर घट्ट धरून बसले होते. डोक्यावर दुपारचं ऊन. अंगाखाली तापलेलं लोखंड, त्यावर बसायला एक पोतं. आणि त्या वायरचं दुसरं टोक वर्कशॉपच्या आढ्याला टांगलेल्या रीळात. ते रीळ मला सारखं आपल्याकडे ओढत होतं.

याला आता वीस-बावीस वर्षं झाली. पलूसच्या औद्योगिक वसाहतीत आमचं वर्कशॉप, उसाच्या ट्रॉल्या बांधायचं. सासरे दादू लोहार, सगळा तालुका त्यांना दादू मिस्त्री म्हणायचा. त्यांच्या हाताखाली माझा नवरा उद्धव आणि सहा गडी. मी धाकटी सून, लग्नाला तीन वर्षं झालेली, चहा आणि डबा घेऊन वर्कशॉपात यायची. पण डबा ठेवून मी लगेच परत जात नसे. खोटं कशाला बोलू, मला त्या आवाजाची, त्या ठिणग्यांची गोडीच लागली होती. ड्रिलला पातं कसं बसवतात, कुठल्या पत्र्याला कुठली सळई, हे मी बघून बघून शिकले. सासूबाई म्हणायच्या, “हिला सून म्हणून आणली की हेल्पर म्हणून?” मामंजी काही बोलायचे नाहीत. पण मला हाकलायचेही नाहीत.

आणि त्या सगळ्यात माझं लाडकं म्हणजे ते रीळ. ह्यांनी कोल्हापूरच्या प्रदर्शनातून आणलं होतं. मोठ्या परातीएवढा डबा, आत वीस मीटर वायर गुंडाळलेली, वायरच्या टोकाला तीन सॉकेटची पेटी. ओढलं की वायर बाहेर यायची आणि हवी तिथे थांबवली की आत टक् करून खटका बसायचा. पुन्हा जरा हिसका दिला की खटका सुटायचा आणि आतली स्प्रिंग वायर सरसर गुंडाळून घ्यायची. मला त्याची भारी गंमत वाटायची.

बसवायला आलेल्या माणसाने तीन गोष्टी बजावल्या होत्या. पहिली, वायर परत जाताना कधी मोकळी सोडायची नाही, हातात धरून रीळापर्यंत चालत जायचं. नाहीतर टोकाची पेटी अशी उसळते की कपाळमोक्ष करील. दुसरी, आठवड्यातून एकदा सगळ्या वायरवरून हात फिरवायचा, कुठे चिरली तर नाही ना बघायला. आणि तिसरी, जड मशीन लावायचं असेल तर काम दोन हातांवर असलं तरी वायर लाल पट्टीपर्यंत सगळी बाहेर काढायची. “गुंडाळलेली वायर म्हणजे गोधडीतला तापकरी माणूस,” तो म्हणाला होता, “आतली उष्णता बाहेर पडायला वाटच नसते.”

ते मामंजींना काही पटलं नाही. त्यांच्या वर्कशॉपात जमिनीवर वायर लोळली की ते गड्याच्या सात पिढ्या उद्धरायचे. “आडातनं तांब्याभर पाणी पायजे म्हणून कुणी सगळा दोर खाली सोडतं का? पाच हात लागतंय तर पाचच हात काढा.” तसंच चाललं होतं, आणि तसं ते चाललंही होतं, कारण रोज त्यावर एखादं ड्रिल नाहीतर लहान ग्राइंडर चालायचा.

त्या दिवशी खंडेनवमी. आमच्या लोहाराच्या घरात दिवाळीपेक्षा हा सण मोठा. आदल्या दिवशी सगळी हत्यारं घासूनपुसून ठेवतात. नवमीला सकाळी पूजा होते, कोहळा कापतात, आणि मग दसऱ्याला सोनं वाटेपर्यंत कुणी हत्याराला हात लावत नाही. त्यांचाही एक दिवस असतो की विसाव्याचा! त्या वर्षी पूजा मी मांडली. ऐरणीला, हातोड्यांना, ड्रिलला हळदकुंकू, झेंडूची माळ, चिमूटभर अक्षता. रीळासाठी तर स्टूल घेऊन वर चढले. दुहेरी माळ घातली, पाच बोटं कुंकवाची ओढली आणि ताटातल्या ओल्या लाल अक्षता मूठभर वाहिल्या. मामंजी खालून बघत होते. “नवरदेवासारखं सजवतीय बघा त्याला,” म्हणाले.

पूजा झाली तसे हे गड्यांना घेऊन देवीच्या डोंगरावर गेले. वसाहतीत सगळीकडे कुलपं. मी ताट-तांब्या आवरत होते आणि मामंजी खुर्चीत पेंगत होते, तेवढ्यात फाटकातून टँकर आत आला.

ड्रायव्हर खाली उतरला तो हात जोडूनच. सिद्राम नाव, जतच्या बाजूचा, बोलण्यात कानडी हेल. “मिस्त्री, टाकी फुटली बगा. आतली शिवन उसवली. निम्मं पाणी वाटंतच जातंय.”

“दसऱ्यानंतर ये,” मामंजी म्हणाले. “आज खंडेनवमी.”

“गावात तीन दिस पाणी न्हाई, मिस्त्री. हा एकच टँकर. बायाबापड्या घागरी मांडून बसल्यात. मी काय सांगू त्यास्नी? हत्यारं झोपल्यात म्हणून?”

मामंजींनी कोहळ्याच्या फाकींकडे बघितलं, मग हत्यारांकडे, मग माझ्याकडे. मी म्हटलं, “नको, मामंजी. आजच्या दिवशी नको.” मला खरंच नको वाटत होतं. आजवर कुणी मोडलं नव्हतं ते.

ते उठले, मोठ्या ग्राइंडरवरची माळ उतरवून बाजूला ठेवली, त्याला हात जोडले. “माफी कर बाबा,” म्हणाले. “पाणी अडवून पूजा कसली करायची?” मग सिद्रामला म्हणाले, “तू जा, स्टँडावर काहीतरी खाऊन ये. तासाभराचं काम हाय.”

गडी नाहीत, मुलगा नाही. म्हणून मी टँकरवर चढले.

फुटलेली जागा आतून घासून मग वेल्डिंग मारायची होती. आत काळोख, म्हणून हजारचा हॅलोजन दिवा. आत हवा कोंडणार, म्हणून पंखा. आणि घासायला तो मोठा ग्राइंडर. तिन्ही त्या एका पेटीला लावले. मामंजींनी रीळातून मोजकी आठ-दहा हात वायर ओढली आणि थांबले. खटका बसला नाही. पुन्हा ओढली. पुन्हा वायर मागे निघाली.

“आज ह्याला काय धाड भरली?”

“रुसलंय,” मी म्हटलं. हसायला गेले, पण हसू काही फुटलं नाही. माझ्या मनात तेच आलं होतं. आज हत्यार उचललं म्हणून.

“मग तू धरून बस. मी आत सरकंन तशी सोड, मागं आलो की ओढ. एक ठोका दिला की सोडायची, दोन दिलं की ओढायची, तीन दिलं तर पळत जाऊन मेन बंद. ग्राइंडरच्या आवाजात हाक ऐकू येत न्हाई.” टाकीचं तोंड गॅसने कापलेलं, कड करवतीसारखी खरबरीत. वायर तिच्यावर घासू नये म्हणून त्यांनी एक पोतं घडी करून कडेवर टाकलं. बसायला लाकडी पाट आत नेला. आणि उतरले.

ग्राइंडर सुरू झाला. अख्खी टाकी माझ्याखाली दातओठ खाल्ल्यासारखी करकरायला लागली. टक्, एक ठोका, मी सोडायची. टक् टक्, मी ओढायची. रीळ मागून खेचतंय, मामंजी पुढून. माझे खांदे भरून आले. कुठल्या तरी मंडपात देवीची गाणी चालली होती, बाकी माणसाचा पत्ता नाही.

पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. नाकात वास शिरला. आधी वाटलं, घासलेल्या लोखंडाचा असेल. पण तो गोडसर, चिकट, प्लॅस्टिक जळल्याचा वास होता. मी मान वळवून वर्कशॉपात बघितलं. रीळावरची झेंडूची माळ काळपट पडून लोंबत होती आणि तिच्या मागून धुराची बारीक रेघ वर चढत होती.

गोधडीतला तापकरी माणूस! तिन्ही जड मशीनं चालू, आणि आठ-दहा हात सोडले तर बाकी सगळी वायर त्या डब्यात गुंडाळलेली.

“मामंजी!” मी आत तोंड घालून ओरडले. ग्राइंडर चालूच. खाली ठिणग्यांचा फवारा आणि त्याच्या मागे त्यांची वाकलेली पाठ. मी टाचेने टाकीवर तीन लाथा मारल्या. पुन्हा तीन. ते लोखंडच एवढं थरथरत होतं, की माझ्या टाचेला कोण विचारतो?

मेन बंद करायला पळावं म्हणून मी वायर सोडणार, तोच माझी नजर कडेवर गेली. पोतं तिथे नव्हतं. ओढाओढीत कधी आत पडलं ते मला कळलंच नव्हतं. आणि एवढा वेळ वायर नुसत्या कडेवर घासत होती. वरचं काळं कातडं चार बोटं फाटलं होतं, आतल्या लाल वायरचंही साल गेलं होतं, आणि तिथे तांबं चमकत होतं. माझ्या मुठीपासून वीतभर पुढे. कडेपासून दोन बोटं वर.

पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी वायर सोडली तर रीळ तिला हिसकून घेणार, आणि ते उघडं तांबं कडेवरून घासत जाणार. टाकीत करंट उतरणार. आत मामंजी, घामाने निथळत, हातात ग्राइंडर. नाही सोडली तर रीळ पेटणार, वायर वितळणार, आणि मग काय होईल ते मलाही माहीत नव्हतं. मेन तिथून वीस-पंचवीस पावलांवर भिंतीला दिसत होता. दिसून काय उपयोग! माझे हात थरथरत होते आणि हातांबरोबर ते तांबं थरथरत होतं. एकदा कडेच्या इतकं जवळ गेलं की मी मोठ्याने “आई गं” म्हटलं. ऐकायला कुणी नव्हतं.

मग मला सुचलं ते एवढंच. मी वायर सरळ वर उचलून धरली आणि आतल्या बाजूला जोराचा हिसका दिला. खाली काहीतरी पडून फुटलं, दिवा गेला, आणि ग्राइंडर थांबला.

“कोण हाय ते? डोसकं फिरलं का तुझं?” आतून मामंजी गरजले.

“मामंजी, हलू नका! जिथं आहात तिथंच थांबा. कशाला हात लावू नका.”

“काय झालं?”

“वायर कापलीय. तांबं उघडं पडलंय, कडेपाशी. रीळ जळतंय. मी सोडली तर टाकीला लागेल.”

काळोखात फक्त पंख्याचा आवाज येत होता. मग त्यांचा आवाज आला, हळू, बदललेला. “ग्राइंडर ठेवला पोरी मी. लाकडावर ठेवला. पाटावर पाय घेऊन बसलोय. किती उघडी हाय?”

“चार बोटं.”

“पोतं?”

“आत पडलंय.”

त्यांनी चाचपडल्याचा आवाज आला. “पाण्यात पडलंय हे, चिंब झालंय. उपेगाचं न्हाई. तुझ्या अंगाखालचं?”

मी बघितलं. बसायचं पोतंही मी मघाशी लाथा मारताना खाली पाडलं होतं. “ते खाली पडलं, मामंजी.”

“सिद्राम?”

“नाही आला अजून.” आणि मग मला रडूच फुटलं. “मला खूप भीती वाटतेय.”

“मलाबी वाटतीय,” मामंजी म्हणाले.

तीन वर्षांत त्या माणसाच्या तोंडून मी असलं वाक्य ऐकलं नव्हतं. तापलेली सळई उघड्या हाताने उचलणारा माणूस. त्याला भीती वाटतेय म्हटल्यावर माझं रडं कुठल्या कुठे गेलं. आता रडून चालणारच नव्हतं.

“कोरडं काय हाय तुझ्याजवळ?” त्यांनी विचारलं. “जाड घडी कडेवर टाकायची, वायर तिच्यावर ठेवून झाकणाच्या कडीला बांधून टाकायची. म्हंजे रीळानं वढली तरी जाणार न्हाई. मग तू मोकळी.”

“पदर आहे.”

“सुती का रेशमी?”

“रेशमी. लग्नातला शालू.”

“रेशीम बेस्ट. पण नुसत्या पदरानं भागायचं न्हाई गं. जाडी पायजे. बांधायला लांबी पायजे.” ते बोलता बोलता थांबले. दोघांनाही एकाच वेळी समजलं. त्यांच्यासमोर मी कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. आणि ते त्या काळोखात, डोक्यावरच्या गोल भोकात मला बघत बसलेले.

“पोरी,” मामंजी म्हणाले, “मी डोळे मिटलेत.”

एका हाताने वायर वर धरून एका हाताने शालू सोडायचा म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच माहीत. पिन तुटली. निऱ्या सुटल्या. वारा नव्हता, ही एक देवाची कृपा. त्यातल्या त्यात कोरडी बाजू बघून मी आठपदरी घडी केली, कडेवर टाकली, वायर तिच्यावर टेकवली, वरून पुन्हा दोन वेढे दिले आणि उरलेला शालू झाकणाच्या कडीला गाठी मारून मारून बांधला. मग एक एक बोट करत हात सोडला. रीळाने ओढलं. शालू ताणला गेला. गाठ टिकली.

“बांधलं,” मी म्हटलं. “उतरते.”

“थांब! शिडीवरनं उतरू नको!” ते किंचाळलेच. “रेशमातनं जरा जरी तांबं टेकलं असंल, तर टाकीला हात आणि भुईला पाय, दोन्ही एकदम लागलं की तू संपलीस. उडी मार. लोखंडाला न शिवता उडी मार.”

मी खाली बघितलं. दीड पुरुष उंची, खाली मुरूम. डोळे मिटले आणि उडी मारली. उजवा घोटा कडकन वाजला. मी तशीच उठले आणि परकर-पोलक्यावर, लंगडत, भर दुपारी वर्कशॉपात पळाले. मेनकडे जायची वाट रीळाखालून. माळ पेटली होती. वितळलेलं प्लॅस्टिक थेंब थेंब गळत होतं. एक थेंब खांद्यावर पडला, तो डाग अजून आहे. मी मेनची मूठ धरली आणि अंगातल्या सगळ्या जोराने खाली ओढली.

पंखा थांबला.

“बंद!” मी ओरडले. “मामंजी, बंद झालं!”

टाकीतून उत्तर आलं नाही. मग आले, टक्, टक्, टक्. तीन ठोके. मी तिथेच जमिनीवर बसले.

आगीसाठी ठेवलेल्या बादल्यांतली वाळू मी रीळावर फेकत होते तेव्हा सिद्राम आला. मला त्या अवतारात बघून त्याने झटकन पाठ फिरवली, केबिनमधून आपलं घोंगडं ओढलं आणि तोंड दुसरीकडे करून हात मागे लांब केला. “घ्या, अक्का,” एवढंच म्हणाला. मी अंगभर गुंडाळून घेतलं. मग त्यानेच बाकीची वाळू टाकली.

मामंजी टाकीच्या तोंडातून वर आले. चाचपडत, अजून डोळे मिटलेले. “अंगावर काही घेतलंस का?” त्यांनी विचारलं.

“घेतलं.”

तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

सिद्रामची टाकी त्याच दिवशी झाली. मेनपासून दुसरी वायर जमिनीवर सगळीच्या सगळी लोळवत आणली आणि मामंजी कुणालाही शिव्या न देता कामाला बसले. चार वाजता टँकर गेला. संध्याकाळी हे आले, घरात गोंधळ उडाला. सासूबाईंनी कपाळ बडवून घेतलं. “खंडेनवमीला हत्यार उचललं की हेच होणार! तुम्हाला सांगून सांगून जीभ झिजली.”

“खरंय,” मामंजी खाली मान घालून म्हणाले. “माझंच चुकलं. देव कोपला.”

“आणि हिचा शालू?”

“मी मागून घेतला. कडेवर टाकायला. ती घोंगडं पांघरून घरी आली, त्यात काय एवढं?” ते इतक्या ठसक्यात बोलले, की पुढे कुणी विचारलं नाही. मामंजींना सासूबाईंनी देवीपुढे नाक घासायला लावलं. मीही मनात तेच धरून बसले, हत्यार उचललं म्हणून झालं.

दुसऱ्या दिवशी दसरा. सगळ्यांनी मामंजींना सोनं देऊन नमस्कार केला. मी घोट्याला पट्टी बांधून लंगडत गेले आणि वाकले. त्यांनी माझ्या हातात आपट्याचं पान ठेवलं आणि माझी मूठ स्वतःच्या हाताने मिटवली. “परसात जाऊन बघ,” कानाशी म्हणाले.

परसात मी मूठ उघडली. पान घडी केलेलं. आत तांदळाचे सहा-सात दाणे होते. अर्धे जळालेले, अर्धे लाल.

मामंजी मागून आले. “काल तू घरी गेल्यावर रीळ उघडलं,” ते म्हणाले. “खटक्याच्या दात्यात गच्च बसलं हुतं. कुंकवाचा चिखल आणि हे. म्हणून खटका बसत नव्हता.”

मूठभर वाहिल्या होत्या मी. माझं लाडकं म्हणून. “माझ्यामुळं झालं,” मी म्हटलं. “खटका बसला असता तर वायर ओढली गेली नसती, कापली नसती. तुमचा जीव गेला असता.”

“रीळ पेटलं ते माझ्यामुळं. सगळी वायर काढा म्हणून त्यो माणूस घसा फोडून सांगत हुता.”

“मग तुम्ही काल सगळा दोष स्वतःवर का घेतला? नाक घासलंत, मामंजी!”

“माझ्या चुकीला ही माणसं चार दिवस बोलतील आणि विसरतील,” ते म्हणाले. “तुझ्या चुकीला जल्मभर बोलतील. आणि वर्कशॉपाचा उंबरा परत शिवू देणार न्हाईत. तुझ्यासारखं माणूस मी कुठनं आणू?” मग खिशातून मेनच्या पेटीची किल्ली काढून त्यांनी माझ्या हातात दिली. “उद्यापासनं वायर तू बघायची. हे दाणे टाकून दे.”

मी टाकले नाहीत.

मामंजींना जाऊन आता आठ वर्षं झाली. वर्कशॉप मी चालवते. पाऊस यायचा असला की घोटा दुखतो. रोज सकाळी शटर उघडलं की आधी नव्या रीळाची वायर लाल पट्टीपर्यंत सगळी बाहेर काढते, हात फिरवत तपासते, आणि जे परत जायचं ते हातात धरून चालत नेते. जमिनीवर वायर लोळलेली बघून नवीन येणारी माणसं हसतात. हसू देत. खंडेनवमीला रीळाची पूजा होते, पण कापडाचं झाकण घालून. एक बोट कुंकू, आणि अक्षता खाली जमिनीवर. “अहो बाई, देवाला अक्षतासुद्धा डोक्यावर नाहीत?” कुणीतरी दर वर्षी विचारतंच.

“त्याला पचत नाहीत,” मी सांगते.

मग वायर ओढते आणि थांबते. आजही टक् ऐकू येईपर्यंत माझ्या हातांना घाम सुटलेला असतो.